पाण्याच्या दिवशी चीगाँग

चहा आधी संपवा, मग सांगते. नाहीतर ऐकता ऐकता तुम्ही हसणार, कप कलंडणार, फरशी पुसावी लागणार, आणि आमच्या घरात आज पुसायला पाणी नाही. का नाही, तेच तर सांगायचंय. माती खाल्ली हो मी. आणि एकदा खाऊन पोट भरलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली. दोन्ही वेळा गच्चीवर उभी राहून, अख्ख्या गल्लीच्या देखत.

सोलापूरकराला पाण्याचं काही वेगळं सांगायला नको. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगते. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं. मधले दिवस कोरडे जातात आणि मग एक पाण्याचा दिवस येतो. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी गावाला जात नाही, कुणी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहत नाही. पाणी येईल तेव्हा माणूस हौदापाशी पाहिजे म्हणजे पाहिजे.

आणि आमच्यात एक रीत आहे. नवं पाणी आलं की घरातलं जुनं, शिळं पाणी ओतून द्यायचं. हौद घासायचा, पिंप विसळायचं, हंडे पालथे घालायचे आणि मग ताजं भरायचं. पाणी कमी असलं तरी शिळं पिणार नाही, हा आमचा बाणा.

आता यात माझा काय संबंध? तर आमचं घर गल्लीच्या उताराला. पाणी पहिल्यांदा आमच्या नळाला येतं, मग हळूहळू वर चढतं. म्हणून पाणी आल्याची वर्दी मी द्यायची. आणि ती तोंडानं देऊन उपयोग नाही, कारण गल्लीच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने. रात्रंदिवस खडखडखडखड. शेजारच्या गच्चीवरचा माणूस कितीही ओरडला तरी नुसता जबडा हललेला दिसतो. त्यामुळं इथली माणसं हातांनी बोलतात. मागावर काम करणारे तर असे बोलतात की सासूच्या तक्रारीसुद्धा बोटांवर सांगून होतात.

तर माझ्या खुणा ठरलेल्या. दोन्ही हातांची ओंजळ खालून उचलून डोक्यावर नेली की, पाणी आलं. दोन्ही हात बाजूला पसरले की, प्रेशर जोरात आहे. आणि दोन्ही हात खाली झटकले की, पाणी स्वच्छ आहे, गढूळ नाही, शिळं बिनधास्त ओतून द्या. कितीतरी वर्षं झाली, माझी खूण कधी चुकली नाही. शैलावैनीचा हात वर गेला की गल्लीत मोटरा सुरू, एवढी माझी पत होती. होती म्हणतेय, लक्षात आलं ना?

आता या सगळ्यात चीन कुठून आला, ते ऐका.

माझा राग तुम्हाला माहीत आहे. तो नाकावर असतो असं लोक म्हणतात, पण खोटं आहे, तो त्याच्याही पुढं असतो. मध्यंतरी चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडं गेले. त्यांनी बीपी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि आमच्या ह्यांना विचारलं, "घरात फार वादावादी होते का?"

हे जन्मभर मागावर जॉबर होते, माग दुरुस्त करता करता दोन्ही कान गेले. हे शांतपणे म्हणाले, "होत आसंल. मला ऐकू येत न्हाई."

डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या आणि राग कमी करा. गोळी मेडिकलमध्ये मिळाली. राग कमी करायचं औषध पुण्याच्या लेकीनं फोनवर पाठवलं. तिच्या ऑफिसात एक बाई येऊन चीगाँग शिकवतात. चिनी लोकांचा जुना व्यायाम. घाम गाळायचा नाही, पळायचं नाही. उभं राहायचं, हात हळूहळू फिरवायचे, श्वास सोडायचा, झालं.

त्यामागचा विचार मला एकदम पटला. आपली जशी पंचमहाभूतं, तशी त्यांचीही पाच तत्त्वं आहेत. फक्त आपल्यात वारा आणि आकाश आहे, त्यांच्यात त्यांच्याजागी लाकूड आणि लोखंड. आणि एकेका तत्त्वाला शरीरातला एकेक अवयव नेमून दिलेला. लाकडाचं लिव्हर, त्यात राग बसतो. आगीचं हृदय. मातीची प्लीहा, तिच्यात काळजी. धातूची फुप्फुसं, त्यांच्यात दुःख. आणि पाण्याची किडनी, तिच्यात भीती. ज्या अवयवात जे साठलंय ते हात हलवून, तोंडानं 'शूऽ', 'हाऽ', 'सूऽ' असे आवाज काढून बाहेर घालवायचं. बालवाडीत मी इतकी वर्षं पोरांकडून अभिनयगीतं करून घेतली, मला हे काय अवघड? आठवड्याभरात पाची अवयव पाठ झाले.

आणि मला काही पाठ झालं की ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही. मी गल्लीत जाहीर केलं, आपण वर्ग काढू. सगळ्यांनी यायचं. फुकट.

कुणी आलं नाही. समोरची लक्ष्मीअक्का तेवढी म्हणाली, "वैनी, मागावर उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन माझे सगळे अवयव जाग्यावरच हायेत की. पोरीचा साखरपुडा होऊ द्या, मग बघू."

ही लक्ष्मीअक्का म्हणजे माझी तीस वर्षांची शेजारीण. तेलुगू बोलणारी, विणकराच्या घरातली, बोलायला गोड आणि कामाला वाघ. तिच्या श्रावणीचं बार्शीत जमलं होतं. साखरपुडा घरापुढंच मांडव टाकून करायचा ठरला, आणि दिवस आला नेमका पाण्याचा. अक्कानं हौशीनं टँकर सांगून ठेवला होता. तो रद्द कुणी करायला लावला?

मीच की.

"अगं, त्याच दिवशी सकाळी पाणी येणार," मी म्हटलं. "तुझा हौद भरलेला आहेच, वर ताजं पाणी मिळेल. टँकरचं पाणी पाव्हण्यांना पाजतेस होय? पाण्याची काळजी माझ्यावर सोड."

तिनं सोडली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास. आणि बार्शीची मंडळी म्हणजे काय साधी? मुलाची आत्या सगळ्यात नाक मुरडणारी, असं आधीच कानावर आलेलं. अक्का रोज एकच घोकत होती, "वैनी, कायबी कमी पडाया नको. पयला दिवस हाय पोरीचा."

तर उजाडला तो दिवस.

एरवी मी चीगाँग खाली हॉलमध्ये करायची, पंख्याखाली. पण त्या दिवशी आमचा हॉल अक्काच्या पातेल्यांनी भरलेला. आचाऱ्याची मोठी भांडी, सतरंज्या, आहेराच्या सोलापुरी चादरींचे गठ्ठे. हात पसरायला जागा नाही. म्हटलं, पाणी यायला अजून वेळ आहे, तोवर वर गच्चीवर जाऊन करून घेऊ. आज दिवसभर धावपळ आहे, राग येण्याची शक्यता आहे, लिव्हर रिकामं असलेलं बरं.

वर गेले. फोन कठड्याला टेकवला, कानात लेकीनं दिलेले इयरफोन घातले. बासरी सुरू झाली. त्या व्हिडिओतली बाई म्हणते, डोळे मिटा, चेहऱ्यावर मंद हसू आणा आणि किडनीपासून सुरुवात करा. पाण्याचं तत्त्व. कल्पना करा की तुम्ही तळ्याकाठी उभ्या आहात. दोन्ही हातांनी तळ्यातलं निळं पाणी उचला आणि हळूहळू डोक्यापर्यंत न्या.

मी उचललं की हो!

तुम्ही म्हणाल, शैलाताई, इतकी वर्षं तीच खूण करता आणि तुमच्या लक्षात आलं नाही? नाही आलं. एरवी ती मी घाईघाईनं करते, केस विस्कटलेले, पदर खोचलेला, कपाळाला आठ्या. आज बासरी होती, तळं होतं. मनानं मी चीनमध्ये होते. आमची गल्ली चीनमध्ये कुठून दिसणार?

ओंजळ वर नेली, 'चूऽ' करून श्वास सोडला. पुन्हा ओंजळ, पुन्हा श्वास. बाई म्हणाली, जेवढ्या जास्त वेळा कराल तेवढी भीती जाईल. मी मनापासून केलं.

मग आली फुप्फुसं. डोळे उघडा आणि दोन्ही हात लांब पसरून छाती मोकळी करा. मी डोळे उघडले, हात पसरले, आणि समोर बघते तर काय? गच्च्यागच्च्यांवर बाया उभ्या, माझ्याकडं बघून ओंजळी वर करतायत. हात पसरतायत. अगदी माझ्यासारखं.

मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा. आठवडाभर ज्यांना हाका मारून दमले त्या बाया आपणहून गच्चीवर येऊन माझा व्यायाम करतायत. माझा ऊर भरून आला. फुप्फुसातलं सगळं दुःख तिथल्या तिथं गेलं.

त्या माझी वर्दी एकमेकींना पुढं पोचवत होत्या, हे मला कसं कळणार?

मी आणखी जोरात हात पसरले. त्यांनीही पसरले. म्हणजे त्यांना कळलं, प्रेशर जबरदस्त आहे. मी हसले. त्याही हसल्या. इतकं हसत हसत मी पाण्याची वर्दी कधी दिली नव्हती, म्हणून त्यांना वाटलं, आज पाणी काही वेगळंच आलंय.

शेवटी लिव्हर. दोन्ही हात खांद्यापासून खाली झटकायचे, डोळे मोठे करायचे आणि 'शूऽ' करून राग जमिनीत सोडून द्यायचा. मी झटकले.

समोरून लक्ष्मीअक्कानं हात झटकून दाखवले आणि मान तिरकी केली. म्हणजे ती विचारत होती, 'खरंच ओतू का सगळं?' मला वाटलं, बिचारीच्या मनात बार्शीच्या आत्याबद्दल केवढा राग साठलाय. मी मान डोलावली आणि आणखी जोरात झटकले. घाल गं बाई, सगळं घाल बाहेर, काही ठेवू नकोस.

तिनं काही ठेवलं नाही.

थोड्या वेळानं खाली पाहिलं तर गल्लीतून पाण्याचे ओहोळ वाहत होते. दारोदारी सडा, धुतलेल्या पायऱ्या. मी मनात म्हटलं, साखरपुड्यासाठी केवढी स्वच्छता चाललीय. माणसं हौशी हो आमच्याकडची. उरलेलं हृदय आणि प्लीहा करून मी निवांत खाली उतरले. इतकं शांत वाटत होतं की लेकीला फोन करून सांगावं.

अंगणात हे आमचा हौद घासत होते. रिकामा. कोरडा ठणठणीत.

"अहो, हे काय करताय?" मी हातानं विचारलं.

"पानी आलं न्हवं? तू तर वरून हात करत हुतीस. समोरून अक्कानं दाखवलं, शैला झटकाया लागलीय, ओता म्हून."

मी नळाकडं बघितलं. नळाला थेंब नाही. हवासुद्धा येत नव्हती.

मग मात्र माझ्या डोक्यात दिवा पेटला. ओंजळ. पसरलेले हात. झटकलेले हात. आई गं. किडनी, लिव्हर, सगळे अवयव एकाच जागी जमले.

तेवढ्यात लक्ष्मीअक्का आलीच, हातात नळाला लावायची पाइप. मागून तिची जाऊ, तिच्या मागून आणखी चौघीजणी. सगळ्यांच्या शेवटी अक्काची म्हातारी सासू आनंदानं ओरडत येत होती, "नीळ्ळू वच्चिनय, नीळ्ळू वच्चिनय." म्हणजे पाणी आलं, पाणी आलं.

"वैनी, आमच्या नळाला अजून पोचलं न्हाई. तुमच्याकडं किती आलंय?"

मी काय सांगणार? मी खरं ते सांगितलं. "अक्का, पाणी आलं नाही. मी व्यायाम करत होते."

"कसला व्यायाम?"

"किडनीचा."

अक्का आमच्या रिकाम्या हौदाच्या कठड्यावर बसली. ती भांडली असती तर मी भांडून मोकळी झाले असते, ते मला जमतं. पण ती हळूच म्हणाली, "वैनी, मी तर पिंपसुद्धा पालथं घातलं. आता आचारी येईल. पोरीच्या साखरपुड्याला पाव्हण्यांनी हात कशानं धुवायचे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच सांगते, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आता पाणी येईल, मग येईल, म्हणून सगळ्यांनी वाट बघितली. मग ग्रुपवर निरोप आला की कुठंतरी वॉल्व्ह अडकलाय, आज पाणी नाही, उद्या दुपारनंतर येईल. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, लग्नसराई हाय, आज न्हाई जमणार. तुमीच रद्द केला हुता की." तेही मला ऐकून घ्यावं लागलं.

एकच रस्ता उरला होता. आमच्या पाठच्या गल्लीचा पाण्याचा दिवस वेगळा असतो. त्यांच्याकडं आदल्या दिवशीच पाणी येऊन गेलं होतं. तिथं शमीमआपाचा मोठा हौद आणि तिच्या मालकांचा टेंपो. मी हंडा काखेत घेतला आणि निघाले.

शमीमआपा दारात बसून लसूण सोलत होती. मी दिसल्याबरोबर तिनं लसूण बाजूला ठेवला, तेव्हाच समजले की बातमी माझ्याआधी पोचलीय.

"आओ वैनी, आओ. क्या वो, सुबे सुबे पूरी गल्ली का पानी बहा दिये कते?"

"आपा, थट्टा नंतर. आधी पाणी पाहिजे. लक्ष्मीअक्काच्या पोरीचा साखरपुडा आहे."

"पानी दूंगी ना. श्रावणी मेरे सामने बडी हुई बच्ची है. हंडे से क्या होता, टेंपो में पिंपां भरके भेजती." माझा जीव भांड्यात पडला. आणि मग ती म्हणाली, "पन पैले वो करके दिखाव."

"काय?"

"वोईच. किडनी का."

मी म्हटलं, चेष्टा करते. चेष्टा नव्हती. तिनं सुनांना हाक मारली. सुना आल्या. शेजारणी आल्या. एक आजीबाई खुर्ची घेऊन आल्या. तुम्हाला सांगते, आयुष्यात मी एवढ्या प्रेक्षकांपुढं गणपतीतसुद्धा उभी राहिले नव्हते. पण समोर हौद भरलेला दिसत होता आणि डोळ्यापुढं अक्काचा चेहरा होता. हंडा खाली ठेवला, पाय फाकवले आणि अदृश्य तळ्यातलं पाणी उचललं.

"हौ, हौ," आपा डोळे पुसत म्हणाली. "बरोबर है लक्ष्मी का. मैं रहती तो मैं भी बहा देती."

टेंपो आला. पिंपं उतरली. आचाऱ्यानं चूल पेटवली. मी आपाला शब्द दिला, उद्या पाणी आलं की तुमचं सगळं पाणी आधी परत, मग आमचा हौद. ती नको म्हणत होती, पण आमच्यात पाणी उसनं ठेवत नाहीत. तिनं तर स्वतःच्या घरापुरतं जेमतेम ठेवून बाकी सगळं दिलं होतं.

साखरपुडा छान झाला. श्रावणी अशी दिसत होती की मीच दृष्ट काढली. जेवताना पाव्हण्यांना पाणी कमी पडू नये म्हणून गल्लीतल्या बाया कोपऱ्यात बसून कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी कोरडीच खात होत्या, ठसका लागला तरी पाणी मागत नव्हत्या. त्यांच्याकडं बघून मला भरून आलं.

आणि मग बार्शीच्या आत्याबाईंनी विचारलं, "एवढ्या बाया सारख्या हात वर करून काय हसताहेत?"

अक्कानं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आत्याबाई नाक मुरडणार. त्या हसून हसून खुर्चीत वाकड्या झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, मग मला पण शिकवा की. माझं लिव्हर लई भारी आहे."

मांडवात उभं राहून मी सगळ्यांना शिकवलं. अक्का, तिची जाऊ, सासू, आत्याबाई. सगळ्यांचे हात वर, सगळ्यांची 'चूऽ'. अक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वैनी, सकाळी तुमचा लई राग आला हुता. आता न्हाई." मला एवढं बरं वाटलं.

इथं थांबले असते तर मी कशाला तुम्हाला बोलवून सांगितलं असतं?

पण बालवाडीच्या बाईला वर्ग भरलेला दिसला की राहवत नाही. मी मांडवातच जाहीर केलं. "उद्या सकाळपासून आपला रोजचा वर्ग. सगळ्यांनी आपापल्या गच्चीवर उभं राहायचं. पाणी दुपारनंतर आहे, घाई नाही. मी जसं करीन तसं करायचं. आणि एक नियम. काही झालं तरी मध्येच थांबायचं नाही, नाहीतर अवयवाला त्रास होतो."

हा शेवटचा नियम व्हिडिओत नाही. माझ्या मनानं घातला मी.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतोय तोवर सगळ्या गच्च्या भरलेल्या. अक्का तर नवी साडी नेसून उभी. मी हात जोडले, त्यांनी जोडले. मी इयरफोन घालणार, एवढ्यात खाली अंगणाकडं नजर गेली. आमच्या नळाच्या तोंडाशी पाणी चमकलं. आधी फुसफुसत, मग धार, मग चांगली मनगटाएवढी धार. दुपारचं पाणी पहाटेच आलं होतं.

माझा आनंद काय सांगू. मी लगेच वळले आणि ओंजळ वर केली. पाणी आलं!

सगळ्यांनी ओंजळी वर केल्या.

"अगं खरंच आलं!" मी हात पसरले. प्रेशर जोरात!

सगळ्यांनी हात पसरले. अक्कानं छातीसुद्धा मोकळी केली.

मी जिवाच्या आकांतानं ओरडले. मागांची खडखड चालूच. त्यांना नुसतं माझं तोंड उघडलेलं दिसलं. आवाज काढून विकार बाहेर घालवायचा, हे मीच शिकवलेलं. सगळ्या बाया तोंड उघडून ओरडायला लागल्या. मी रागानं हात झटकले. त्यांनी झटकले. मी कपाळावर हात मारून घेतला, तर काय सांगू, अक्काच्या सासूनंसुद्धा कपाळावर हात मारून घेतला.

मी जिन्यावरून धावत सुटले. अक्काच्या दाराची कडी आतून. सगळ्यांच्या दाराच्या कड्या आतून. दारं वाजवली, विटेचा तुकडा फेकून बघितला. खालून वर बघितलं तर सगळ्या डोळे मिटून मंद हसत उभ्या. डोळे मिटायचं, ते कुणी शिकवलं?

मग आठवलं, निदान आपला तरी हौद भरावा. धावत अंगणात आले. नळ धो धो चालला होता आणि सगळं पाणी गटारात. पाइप लावलेलीच नाही. हे शेजारीच पेपर घेऊन बसलेले.

मी हातवारे करून विचारलं, "अहो, मी वरून ओंजळ करत होते, दिसली नाही का?"

"दिसली की." ह्यांनी पेपर बाजूला केला. "म्हटलं, चालू दे हिचं. आज मी फसतोय व्हय."

मी पाइप हातात घेतली, नळाला लावली, आणि धार बारीक झाली. मग बारीक बारीक. मग सूऽ करून नुसती हवा. फुप्फुसांचा आवाज अगदी असाच काढायचा असतो.

बाया खाली आल्या तेव्हा फार प्रसन्न होत्या. अक्का म्हणाली, "वैनी, लई हलकं वाटतंय." मी त्यांना नळ दाखवला. त्या काय म्हणाल्या ते मी सांगणार नाही. ते तेलुगूत होतं, पण मला सगळं समजलं.

आता माझ्याकडं ना पाणी, ना आपाला परत द्यायला पाणी, आणि गल्लीला चहापुरतं तरी पाणी लागणार. कुणीतरी जायला पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हंडा काखेत घेतला.

पाठच्या गल्लीत वळले तर शमीमआपाच्या दारापुढं आधीच खुर्च्या मांडलेल्या. सुना बसलेल्या, शेजारणी बसलेल्या, कालच्या आजीबाई पहिल्या रांगेत. आपानं माझा रिकामा हंडा बघितला, तिला काही सांगावं लागलं नाही. ती खुर्चीत टेकून बसली आणि म्हणाली, "शुरू करो वैनी. आज पूरे पाच अवयव."

मी हंडा खाली ठेवला, पाय फाकवले आणि तळ्यात हात घातला.